अडचण घेऊन येऊ नका

४ मार्च

ताई,

तुझा फोन लागतो, पण माझ्या नंबरवरून लागत नाही, हे चौदा महिन्यांत मला कळून चुकलंय. म्हणून पत्र. कामाचं आहे.

कोणत्या इमारतीच्या मशीन रूमची किल्ली कोणाकडे असते, ते सगळं तुझ्या वहीत होतं. वही तू नेलीस. तुझीच होती, तक्रार नाही. पण आमच्या संगणकातली यादी अर्धीअधिक चुकीची निघाली आहे आणि आम्हाला पंधरा दिवसांत सगळ्या लिफ्ट तपासून द्यायच्या आहेत. त्या पानांची नक्कल पाठवलीस तर बरं होईल.

इकडे सगळं ठीक. आता दोनशे बारा लिफ्टची देखभाल आपल्याकडे आहे, माणसं अडतीस. तू होतीस तेव्हाचा हॉल पुरेना, म्हणून मागची भिंत पाडली. तुझं टेबल होतं तिथे आता मोठा फळा आहे. रोज कोणी किती लिफ्ट केल्या ते त्यावर लिहितो, पहिल्या तिघांपुढे तारा काढतो. हे त्या मॅनेजमेंटच्या तीन दिवसांच्या शिबिरात शिकलो होतो, तुला आवडलं नव्हतं. काम वाढलं हे मात्र खरं.

मास्तर हॉस्पिटलमध्ये आहेत. पायाला लागलंय. काळजी करण्यासारखं नाही.

भाचीला सांग, मामानं विचारलंय.

तुझा भाऊ

१२ मार्च

ताई,

अकरा पानं मिळाली. पाकीट दोनदा उलटं करून झटकलं, यादीशिवाय आत एक चिटोरंही नव्हतं. ठीक आहे. मी किल्ल्या मागितल्या, तू किल्ल्या दिल्यास.

पण यादी वाचताना हसू आलं. ‘तिसरा मजला, उजवीकडच्या आजी, दुपारी दोन ते चार झोपतात, बेल वाजवू नये, कुत्रं चावत नाही पण तसं भासवतं.’ हे संगणकात घालायला आम्हाला रकानाच नाही.

मागच्या पत्रात मास्तरांबद्दल एका ओळीत उरकलं. नीट सांगतो.

त्यांचा डावा पाय घोट्याच्या वर दोन ठिकाणी मोडला आहे. सात मजल्यांची जुनी इमारत, हातानं ओढायच्या दाराची लिफ्ट. तुला माहीत आहे, प्रत्येक मजल्याच्या दाराला एक कॉन्टॅक्ट असतो. दार लागलं तरच लिफ्ट हलते. चौथ्या मजल्याचा कॉन्टॅक्ट बिघडला होता, आणि आदल्या दिवशी कोणीतरी त्याच्या दोन टोकांना वायर जोडून लिफ्ट चालू ठेवली होती. म्हणजे दार उघडं असलं तरी लिफ्टला वाटणार, बंद आहे. मास्तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या देखभालीला गेले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. दार उघडून, एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून खालची पट्टी साफ करत होते. वरून कोणीतरी बटण दाबलं.

मेन स्विच बंद करायला हवा होता, त्यांनीच आपल्या सगळ्यांना ते शिकवलं. पण त्या दिवशी त्यांच्या नावापुढे सात लिफ्ट होत्या. आतलं लाल बटण त्यांनी स्वतःच दाबलं, म्हणून पाय राहिला.

वायर लावणारा ‘कोणीतरी’ म्हणजे आपला उंच मेकॅनिक, जिराफ. नोंदवहीत आदल्या दिवशीची शेवटची सही त्याची आहे आणि त्यानं ते कबूलही केलंय. सरकारी निरीक्षक बाई आल्या होत्या. त्यांच्यासमोर म्हणाला, “वायर मी लावली. माझ्या मनानं लावली.” पुढे एक शब्द नाही. तीस तारखेला त्यांचा अहवाल जाईल. त्याचं मेकॅनिकचं लायसन्स जाणार, कदाचित कायमचं. त्याला दोन मुली आहेत हे तुला माहीत आहेच, त्यांच्या शाळेच्या वेळा पाहून तू त्याला काम लावायचीस.

त्या दुपारी मी सगळ्यांना वर्कशॉपमध्ये उभं केलं. म्हणालो, “एवढी मोठी गोष्ट घडते आणि मला कोणी सांगत नाही? मी काय वाघ आहे? तुम्हाला खाणार आहे?” सदतीस माणसं तोंडात मूग गिळून उभी. जिराफ शेवटच्या रांगेत होता, पण त्याचं डोकं सगळ्यांच्या वर दिसतं. तो माझ्याकडे एकटक बघत होता. मला ते उद्धटपणाचं वाटलं.

माणसांना काय द्यायचं बाकी ठेवलंय मी? चांगला पगार, विमा, बूट, जॅकेट. तरी अशी दातखीळ बसते. तूच सांग, चुकलं कुठे?

भाऊ

१९ मार्च

ताई,

तुझं एका ओळीचं पत्र आलं. ‘त्या संध्याकाळी जिराफनं फोन कोणाला केला होता?’

तुला हे कोणी सांगितलं ते विचारत नाही. तीन दिवस पत्र खिशात घालून फिरलो. मनातल्या मनात उत्तरं लिहिली, ती सगळी हुशार होती. आज सरळ लिहितो.

फोन मला केला होता.

संध्याकाळचे सहा वाजले होते. म्हणाला, “सर, चौथ्या मजल्याचा कॉन्टॅक्ट गेलाय. स्टोअरमध्ये स्पेअर नाही, उद्या दुपारी येईल. लिफ्ट बंद ठेवतो.” मी म्हणालो, त्या इमारतीशी आपला करार याच महिन्यात संपतोय, आज लिफ्ट बंद दिसली तर उद्या ते दुसऱ्या कोणाला बोलावतील. तो म्हणाला, “पण सर...” मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. “माझ्या दारावर काय लिहिलंय? अडचण घेऊन येऊ नका, उत्तर घेऊन या. लिफ्ट मला चालू हवी. कशी, ते तू बघ.”

तो म्हणाला, “बघतो.”

मी ‘वायर लाव’ म्हणालो नाही. ताई, हे वाक्य मी इतक्या वेळा घोळवलंय की आता ते चोथ्यासारखं लागतं. वीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला कळतं की स्पेअर नसताना ती लिफ्ट चालवायचा एकच मार्ग असतो. मला माहीत होतं. त्याला माहीत होतं. मला माहीत आहे, हेही त्याला माहीत होतं. सकाळी जाऊन तो ती वायर काढणार होता, पण सकाळी मीच त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. एकदाही विचारलं नाही, कालच्या लिफ्टचं काय झालं म्हणून.

आणि वर्कशॉपमध्ये मी ओरडलो ते विसरलो होतो म्हणून नव्हे. चांगलं आठवत होतं. मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की कोणाला काही विचारायला फटच राहू नये.

काल मास्तरांकडे गेलो. आठ खाटांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. पायात सळ्या घातल्या आहेत, चार बाहेर दिसतात. त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी खाटेखालच्या चपलांकडे बघत राहिलो. दोन्ही नीट जोडीनं ठेवलेल्या.

शिबिरानंतर मी सगळ्यांना ‘सर’ म्हणायला लावलं, तेव्हा मास्तरही म्हणायला लागले होते. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. काल म्हणाले, “अरे, बस ना. असा पाहुण्यासारखा काय उभा राहिलास?” पुन्हा ‘अरे’ झालो. स्टूल ओढून बसलो.

मी म्हणालो, “मास्तर, जिराफवर रागावलात?”

“त्याच्यावर कशाला? रोज डबा घेऊन येतो. मीच स्विच बंद केला नाही. सात लिफ्ट होत्या ना.” मग म्हणाले, “सुरुवातीला आपण टायरवाल्याच्या मागच्या खोलीत होतो तेव्हा संध्याकाळी हत्यारांच्या पेट्यांवर बसायचो, तू, मी आणि तुझी बहीण. आज काय काय बिघडवलं ते सांगायचो. तू एकदा एका बाईंना तीन तास सहाव्या मजल्यावर लटकवून ठेवलं होतंस, आठवतं?”

“आठवतं.”

“सांगितलंस म्हणून दुसऱ्या दिवशी निस्तरता आलं. आता संध्याकाळी फळ्यापुढे उभे राहतो. फळ्यावर कोण लिहील की मी आज घाण केली?”

ते रागानं नाही बोलले. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलले.

तुझ्याबद्दलचंही आज लिहूनच टाकतो. तुझ्या त्या शेवटच्या बैठकीत तू म्हणालीस की एका माणसावर दिवसाला पाचपेक्षा जास्त लिफ्ट टाकणार नाही, आणि माझ्या दारावरची ती पाटी काढ. “उत्तर असतं तर ते तुझ्याकडे कशाला आले असते?” सगळे हसले. मला ते हसणं झोंबलं. मी म्हणालो, “ताई, तू फोन उचल. कंपनी कशी चालवायची ते मी बघतो.” अकरा वर्षं तुझ्या कानाला असलेला तो हेडफोन तू टेबलावर ठेवलास आणि पर्स उचललीस. मला वाटलं, चहा प्यायला गेलीस.

मग मी सगळ्यांना सांगितलं, ताईचे गुडघे दुखतात, तिनं काम सोडलं. निरोपाचा केकही आणवला. तुझ्याशिवाय कापला.

तुझे गुडघे कसे आहेत हे विचारायला मला तोंड नाही.

२८ मार्च

ताई,

परवा निरीक्षक बाईंच्या ऑफिसात गेलो. दुसरा मजला, लिफ्ट आमच्याकडची नाही, तरी जिन्यानंच गेलो.

त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे तुम्ही लिहून दिलंत तर त्याच्यावरचं तुमच्यावर येईल. कंपनीचं लायसन्स अडकेल. वकिलाला विचारलंत?”

“विचारलं. तो म्हणाला गप्प बसा.”

“मग?”

“गप्प बसून बघितलं तीन आठवडे.”

त्यांनी कोरा कागद सरकवला. “पेन आहे का?”

दोन पानं लिहिली. सही केली आणि बाहेर येऊन जिन्यावर बसलो. एक शिपाई विचारून गेला, पाणी हवंय का.

काल सकाळी सगळ्यांना बोलावलं. उभं केलं नाही, बसवलं, आणि मीही बसलो. म्हणालो, जिराफनं मला फोन केला होता. तो काय म्हणाला आणि मी काय म्हणालो, शब्दाला शब्द सांगितलं. दारावरची पाटी मीच काढली. मागचा डिंक निघाला नाही, त्याचा चौकोन राहिलाय.

कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. चष्मेवाली, तुझ्या जागी फोन घेते ती, तू तिला पाहिलेलं नाहीस, ती हलकेच म्हणाली, “आम्हाला माहीत होतं, सर.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

मग मी म्हणालो की ताईंच्या गुडघ्यांचंही खोटं होतं. तेव्हा मात्र हॉलमध्ये हशा पिकला. ताई, तू मला का नाही सांगितलंस? मेकॅनिक तुला दर आठवड्याला फोन करतात म्हणे! कोणाच्या बायकोची नोकरी गेली, कोणाला उंचीची भीती वाटायला लागली, सगळं तुला ठाऊक. चष्मेवालीनं तर तुला कधी पाहिलं नाही, तरी अवघड ग्राहक आला की तुला विचारते. जिराफनं तुला हॉस्पिटलच्या जिन्यावरूनच फोन केला होता, पहिल्याच दिवशी. म्हणजे मी तुला ‘पायाला लागलंय, काळजी करण्यासारखं नाही’ असं लिहीत होतो, तेव्हा तुला माझ्याहून जास्त माहीत होतं. आणि तू अकरा पानं किल्ल्यांची पाठवलीस.

नंतर जिराफला बाहेर घेऊन गेलो. विचारलं, निरीक्षक बाईंना माझं नाव का नाही सांगितलंस?

खाली बघत म्हणाला, “फोनवर तुम्ही होतात, सर. पण पक्कड माझ्या हातात होती. मास्तरांनी मला पक्कड धरायला शिकवली.”

मी माफी मागितली. त्यानं मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, कळलं नाही. विचारलंही नाही. तो त्याचा प्रश्न आहे.

भाऊ

२१ जून

ताई,

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण चांगलं लिहिण्यासारखं काही नव्हतं. तुला आतल्या बातम्या मिळतातच, तरी माझ्या बाजूनं सांगतो.

कंपनीचं लायसन्स तीन महिन्यांसाठी अडकलं, नवं काम घेता येत नाही, जुन्या लिफ्टची देखभाल तेवढी चालू. जिराफला लेखी ताकीद, लायसन्स राहिलं. ज्या इमारतीसाठी मी हे सगळं केलं, त्यांनी दुसऱ्याच दिवशी करार मोडला. त्यांचं बरोबरच आहे. मागोमाग आणखी एकसष्ट लिफ्ट गेल्या. नऊ माणसं गेली. चौघांना मी दुसरीकडे लावून दिलं, पाच स्वतःहून गेले. जाणाऱ्यांमध्ये फळ्यावर सगळ्यांत जास्त तारा असलेला होता. त्याला राग आला होता, “सर, तुम्ही बोललात म्हणून आम्ही बुडालो.” त्याच्या घराचा हप्ता माझ्या सचोटीवर चालत नाही.

फळा उतरवला. त्या जागी टेबल ठेवलंय, गोल, जुन्या बाजारातून आणलेलं, एक पाय आखूड.

रोज सकाळी दहा मिनिटं बसतो. काल काय बिघडलं, काय बिघडता बिघडता राहिलं, ते सांगायचं. पहिल्या दिवशी मी विचारलं, कोण बोलणार? पंखा तेवढा बोलत होता. म्हणून मीच माझ्या चुका सांगायला सुरुवात केली. रोज एक. आठवडा गेला, दुसरा लागला. शेवटी चष्मेवाली म्हणाली, “सर, तुमच्या संपल्या की आम्ही सुरू करू. पण स्टॉक बराच दिसतोय.” त्या दिवशी पहिल्यांदा एक मेकॅनिक बोलला. चार दिवसांपूर्वी एका मशीन रूममध्ये तो पाना विसरून आला होता. लगेच दोघं जाऊन घेऊन आले. चाकाच्या अगदी शेजारी पडला होता.

ताई, परत ये. पगार, पद, तू म्हणशील ते. लोक तुझं ऐकतात, माझं ऐकण्यापेक्षा मला सहन करतात. माणसं जोडणं तुझं काम होतं आणि मी त्याला फोन उचलणं म्हणालो. जनावरांच्या दवाखान्यात तू फोन घेतेस असं भाची म्हणाली. तिथेही पेशंटला काय दुखतंय ते सांगता येत नाही, म्हणजे तुझं बरं चाललं असेल. पण इथे तुझी गरज आहे.

उत्तराची वाट बघतो.

९ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं, या वेळी चक्क दीड पान. पंधरा दिवस रागानं उत्तर दिलं नाही, मग कामात राहून गेलं.

तू लिहिलंस, ‘मी येणार नाही. लोक माझ्याशी बोलत होते कारण तुझ्याशी बोलता येत नव्हतं. मी आले की ते पुन्हा माझ्याकडे येतील, आणि तू पुन्हा सुखात बहिरा होशील. मला माझी मांजरं-कुत्री बरी.’ आणि खाली, ‘हल्ली मेकॅनिकांचे फोन कमी झालेत. मला थोडं वाईट वाटतं, पण ते चांगलं लक्षण आहे.’

सुखात बहिरा. हे वाचून मी बायकोला दाखवलं, ती म्हणाली, “वन्सं नेमकं लिहितात.” घरातही बाजू माझी नाही.

लायसन्स परत मिळालं. लिफ्ट एकशे पन्नास. मास्तर सोमवारपासून यायला लागले, काठी घेऊन. शाफ्टमध्ये आता कधीच उतरणार नाहीत. नव्या माणसांना शिकवतात आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय कोणी एकट्यानं कामाला जात नाही. काल त्यांनी जिराफलाच पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेतलं, मेन स्विचपासून. एवढा मोठा माणूस वहीत लिहून घेत होता. दोघंही एकमेकांकडे न बघता हसत होते.

आणि आज सकाळची गोष्ट. मी गेले तीन आठवडे खपून नवीन वेळापत्रक केलं. कोण कोणत्या भागात जाईल, कुठल्या दिवशी. मला ते फार आवडलं होतं. सगळ्यांना त्याच्या प्रती वाटल्या, आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

चष्मेवाली कागद बघत म्हणाली, “सर, हे चुकलंय.”

“कुठे?”

“तीन ठिकाणी. सांगू?”

अठ्ठावीस माणसं माझ्याकडे बघत होती. ताई, कान असे तापले की वाटलं, बाहेरून दिसत असणार. तोंडापर्यंत वाक्य आलं होतं, तुला दीड वर्षापूर्वी म्हणालो होतो त्याच जातीचं. मी पाण्याचा ग्लास उचलला, सगळा संपवला, आणि म्हणालो, “सांग.”

तिनं सांगितलं. पहिली चूक सरळ होती, एकाच माणसाला एका वेळी दोन टोकांना टाकलं होतं. दुसरी मला कळायला वेळ लागला, जिराफनं कागदावर रेषा काढून दाखवली. त्या दोन्ही तिथेच दुरुस्त केल्या. तिसरी मात्र चूक नाही असं माझं ठाम मत आहे. तिचं उलट मत तितकंच ठाम आहे. दहा मिनिटं संपली, म्हणून वाद उद्यावर गेलाय. उद्या सगळ्यांसमोरच होईल. मास्तर म्हणाले, लवकर येतो, पुढची खुर्ची धरायला हवी.

मी हरेन असं वाटतंय. तयारी करतोय.

भाची म्हणाली की रविवारी तू मास्तरांना भेटायला येते आहेस. तिला सांगायला सांगितलं नव्हतंस, तिच्यावर ओरडू नकोस. गाडी किती वाजता पोचते ते कळव, मी स्टॉपवर येऊन थांबतो. घरी जेवूनच जा. कंपनीचा विषय मी काढणार नाही. तू काढलास तर ऐकेन.

तुझा धाकटा